पुसलेला तांडा

१

मोहखेडीच्या नकाशावरून एक अख्खा तांडा नाहीसा झाला होता, आणि हे सगळ्यांत आधी कळलं ते तांड्याच्याच नाइकाला.

१९४० सालचा उन्हाळा होता. आखाडा बाळापूरच्या पलीकडे, मोहखेडीच्या ओढ्यावर सरकार तलाव बांधणार होतं. त्या कामापुरतं हिंगोलीत भाड्याच्या घरात एक नकाशाघर उघडलं होतं. तिथं भर दुपारी लालसिंग नाईक येऊन उभा राहिला. पागोट्यावर फुफाटा, हातात लाल चिंधी बांधलेली खुंटी. त्याने ती मेजावर ठेवली.

"ही माझ्या चुलीपाशी ठोकली," तो म्हणाला. "तुमच्या मान्साला म्हनलं, बाबा, इथं काहून ठोकून राहिला? त् तो म्हने, ही खालची रेघ हाय, इथपर्यंत पाणी येणार. आन् कागदावर इथं कोणीच राहत न्हाई."

मेजामागे इन्स्पेक्टर लतीफ हुसेन बसले होते. पैमाइशच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, नोकरीत त्यांचं निम्मं आयुष्य राहुट्यांमध्ये गेलं होतं. घर औरंगाबादला, बायको नजमुन्निसा तिथं. इकडे बदली होऊन ते नुकतेच पूर्णेच्या गाडीने आले होते. त्यांनी मोहखेडीचा नकाशा मागवला आणि मेजावर पसरला. ओढा होता, गाव होतं, आमराई होती. लालसिंगने बोट ठेवलं तिथं मात्र नुसता कोरा कागद.

"इथं आमी व्हतो," लालसिंग म्हणाला. "मापणी झाली तवाच्या सायबानं आमाला बोलावून दाखवलं. बारीक बारीक काळी घरं. बायका बघून गेल्या, लेकरं बघून गेली. आमच्या बापजाद्यांनी बैलाच्या पाठीवर जिंदगी काढली, सायब. कागदावर बसलो म्हनून त्या दिशी आमी गोड केलं व्हतं."

"तुमची चूक तर होत नाही ना, नाईक?"

"मला वाचता येत न्हाई. पण माझं घर मला वळखू येतं."

लतीफ साहेबांनी कारकुनाला हाक मारली. हरिचंद आला. त्यांनी नकाशे काढणाऱ्या फारुकमियांनाही बोलावलं. पण ते नव्हते. आत्ता तर इथंच होते, मागच्या दाराने कुठं गेले कोण जाणे, असं हरिचंद म्हणाला.

२

तलावाच्या दोन रेघा आखल्या होत्या. खालच्या रेघेवर बांध घातला तर पाणी तांड्यावर येणार होतं. वरच्या रेघेवर घातला तर तांडा बांधाखाली सुखरूप राहणार आणि पाणी वरच्या अंगाला पसरणार. इंजिनियरांचा नियम साधा होता. नकाशावर वस्ती असेल ती जागा बुडवायची नाही. नकाशावर नसेल तर तिथल्या झोपड्या उठवायला एक शिपाई पुरे.

म्हणजे ज्याने तांडा पुसला, त्याने खालची रेघ निवडली होती.

पण मुळात तांडा पुसला होता का? मोहखेडीच्या नकाशाची दुसरी प्रत अजून निघाली नव्हती. मापणीचे साहेब कधीच हैदराबादला गेले होते. एका बाजूला लालसिंगचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला सरकारी कागद. अशा वेळी कोणाचं खरं ठरतं, हे लतीफ साहेबांना चांगलं ठाऊक होतं.

ते नकाशावर वाकून बसले. आणि त्यांना एक वाट दिसली. गावाच्या रस्त्यातून फुटलेली, ओढा ओलांडून पलीकडे चढलेली बारीक तुटक रेघ. ती चढत गेली होती आणि कोऱ्या कागदात मध्येच थांबली होती.

"हरिचंद, ही वाट कुठं जाते?"

हरिचंदने चष्मा सावरला. "कुठंच न्हाई, साहेब."

"कुठंच न जाणारी वाट माणसं पाडतात का?"

साहेबांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. कागद तिथं बाकीच्यापेक्षा पातळ होता, पण खरखरीत नव्हता. चाकूने शाई खरवडली की कागदाला लव सुटते. ती गुळगुळीत दगडाने घोटून कोणी तरी बसवली होती. घाईने नाही, मायेने म्हणावं अशी.

मग त्यांनी नकाशा उचलला आणि खिडकीच्या उन्हासमोर धरला.

हरिचंद खिडकीजवळ सरकला. कोऱ्या जागेत उजेडाचे बारीक ठिपके उमटले होते. नकाशा काढताना आधी सुईने जागा टोचून घेतात आणि मग त्यावर शाई भरतात. शाई खरवडून गेली होती, सुईची भोकं राहिली होती. एका घराशेजारी दुसरं, मध्ये मोकळं अंगण, टोकाला एक वेगळं घर. अख्खा तांडा उन्हाने पेटल्यासारखा दिसत होता. आणि ती वाट सरळ त्याच्या दाराशी जात होती.

"हे काम ह्या घरातल्या माणसाचं आहे," लतीफ साहेब म्हणाले. "नाहीतर ह्या घरातल्या माणसाकडून कोणी तरी करून घेतलं आहे."

३

हरिचंदने आपले दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

"कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, हे खरं. पण दिवसा ती खिळ्याला टांगलेली असते, कोणी बी घ्यावी. आन् साहेब, ह्या हातांनी मी दाढी करत न्हाई, न्हाव्याकडं जातो. चाकू धरला असता तर कागद आरपार फाटला असता."

"इथं बाहेरचं कोण येऊन गेलं?"

"उकंडराव. मोहखेडीचे. वरच्या रेघेत त्यांची आमराई हाय. दोन-तीनदा आले, नकाशा बघत बसले."

फारुकमियां संध्याकाळच्या आधी परतले. पन्नाशीकडे झुकलेला, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस. शेरवानीच्या बाहीवर शाईचा डाग नाही. पाणी आणायला गेलो होतो, म्हणाले. लतीफ साहेबांनी नकाशा पुन्हा उन्हाशी धरून दाखवला. फारुकमियांनी तो पाहिला आणि नजर खाली घेतली.

"नकाशा तुम्ही काढलेला?"

"जी. अक्षरही माझंच."

"तांडा काढला होता?"

"काढला असेल. मोजणीवाल्यांनी टिपणं आणून दिली, मी शाई भरली. मी शाईचा माणूस, साहेब. मोहखेडी मी कधी पाहिली नाही."

"मग हे कोणी केलं असेल?"

"ते मी कसं सांगू? ज्याचं नुकसान होतं, त्याला विचारा. वरच्या रेघेने बुडतं काय? उकंडरावांची आमराई आणि एक चिंच. ती बुडणं कोणाला जड गेलं असेल?"

उत्तर पटण्यासारखं होतं. हरिचंदनेही तेच नाव घेतलं होतं. लतीफ साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा सांगितला.

उकंडराव मोहखेडीत ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते. साहेबांचा प्रश्न ऐकून ते आधी हसले, मग चिडले.

"मी पुसला तांडा? काहून? माझी आमराई वाचवाया?" ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या. "चला, साहेब. तुमी आमराई डोळ्यानं बघा, मंग बोला."

आमराई ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. जुनी, घेरदार झाडं. पण निम्म्या फांद्या वाळलेल्या, आणि हिरवं दिसत होतं ते आंब्याचं नव्हतं. बांडगूळ होतं. झाडाझाडावर बसून ते आंबा पिऊन टाकत होतं.

"वडलांनी लावलेली बाग," उकंडराव म्हणाले. "मोहोर येऊन किती साल झालं, मलाच आठवत न्हाई. ही बुडाली तर बदल्यात कालव्याखालची जमीन द्यायचं सरकार कबूल हाय. मी नकाशाघरात येऊन बसत व्हतो, ते वरचीच रेघ घ्या म्हनून सांगाया. तुमच्या इंजिनियरला इचारा. खालची रेघ झाली त् सगळ्यांत जास्त तोटा माझा."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलायचं असतं तर त्यांनी ही बाग दाखवली नसती.

लतीफ साहेब तिथंच उभे राहिले. आमराई वाचवायला कोणी तांडा पुसला नव्हता. मग वरच्या रेघेच्या पाण्यातून काय वाचवायचं होतं?

४

ते एकटेच पुढे निघाले. वरच्या रेघेचं पाणी जिथवर येणार होतं, तिथवर खुंट्या मारल्या होत्या. त्या खुंट्यांच्या आत काय काय आहे ते बघत ते चालले. आमराई संपली. मुरमाड माळ, करवंदीच्या जाळ्या, ओढ्याचं कोरडं पात्र. आणि माळाच्या कडेला एक चिंच.

ते थबकले.

नकाशा त्यांच्या खांद्यावरच्या नळकांड्यात होता. तो त्यांनी तिथंच मांडी घालून उलगडला. आमराई दाखवली होती. चिंच नव्हती. एकट्या झाडाला नकाशात जागा नसते. टिपणांत नसते, कागदावर नसते. ज्याने मोहखेडी कधी पाहिलीच नाही, त्या शाईच्या माणसाला ही चिंच कशी ठाऊक होती?

चिंचेखाली सावलीत एक कबर होती. साधी, मातीची, भोवती दगड लावलेले. ते दगड इतके सरळ रेषेत होते की दोरी धरून लावल्यासारखे वाटत होते. डोक्याशी एक बसकी शिळा, तिच्यावर उर्दूत कोरलेलं एकच नाव. मदीना.

लतीफ साहेबांनी नकाशा शिळेशेजारी धरला. वर मोठ्या उर्दू अक्षरात लिहिलं होतं, मोहखेडी. दोन्ही नावं एकाच अक्षराने सुरू होत होती. मीमचं, म्हणजे उर्दूतल्या 'म'चं, ते गोल डोकं, त्याच्यापासून किंचित उचललेली रेघ. एकदा शाईत, एकदा दगडात, पण हात एकच.

नकाशा गुंडाळता गुंडाळता त्यांना आपली बायको आठवली. नजमुन्निसा दर वेळी म्हणायची, मला न्या ना तुमच्या राहुटीत, आणि ते दर वेळी म्हणायचे, तिथं तकलीफ फार, पुढच्या साली बघू. रमजान होऊन गेल्यापासून तिचा आवाज ऐकला नव्हता. मदीना फारुकमियांची बायको असावी, असं त्यांना वाटलं; तिला त्यांनी नाही म्हटलं नसणार.

मागे पाचोळा वाजला. लालसिंग येत होता. त्याच्या मागे डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी, त्याची आई धेनी. तिने घागरीतलं थोडं पाणी कबरीच्या मातीवर शिंपडलं, वाळका पाला उचलून बाजूला टाकला आणि निघून गेली. जणू घरचं अंगण होतं.

"ही कोणाची कबर, नाईक?"

"नकाशावाल्या मियांच्या बायकोची. मापणी चालू व्हती तवा त्यांची राहुटी इथंच व्हती. पटकी आली. बाई एका दिसात गेली. ओढ्याला पूर, पलीकडं गावात न्यायची सोय न्हाई, आन् राहुटीतली मानसं भिऊन पळाली. मंग आमीच खड्डा खांदला. खांदा बी आमीच दिला. नमाज त्या मियांनी एकट्यानंच पढला."

"आणि ही साफसफाई?"

"आमची आई करते. परक्या मुलखात एकटी पडली म्हने पोरगी. बकऱ्या येऊ देत न्हाई ती इकडं."

"फारुकमियांना हे माहीत आहे?"

लालसिंगने नाही अशी मान हलवली. "ते दर साली येतात. लांबून दिसतात. बसतात, जातात. रडणाऱ्या मान्साजवळ जाऊ नये म्हनून आमी कोणी जात न्हाई."

मग त्याच्या लक्षात आलं. तो चिंचेकडे बघत राहिला, मग खाली तांड्याकडे.

"सायब," तो सावकाश म्हणाला, "त्यांनीच का?"

५

नकाशाघरात फारुकमियां बोरू तासत बसले होते. लतीफ साहेबांनी दार लोटलं, नकाशा त्यांच्यापुढे पसरला आणि विचारलं,

"चिंच कुठं आहे ह्यात?"

फारुकमियांचा चाकू थांबला. ते नकाशाकडे पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी चाकू मिटून बाजूला ठेवला.

"तुम्ही तिला भेटून आलात तर," ते म्हणाले.

"हो."

"कशी आहे जागा? ह्या साली मला जाता आलं नाही."

उत्तराची वाट न पाहता फारुकमियां बोलत राहिले.

"दोन रेघा माझ्याच हाताने ह्या नकाशावर आल्या, साहेब. इंजिनियर साहेब बोलत गेले, मी ओढत गेलो. वरची रेघ ओढताना हात थांबला. मी विचार केला, तांड्याला पाय आहेत. आज इथून उठेल, उद्या तिथं बसेल. पिढ्यानपिढ्या तेच करत आले. तिला पाय नाहीत. ती कुठं जाईल? वसमतच्या मौलवी साहेबांनी सांगितलं, पाण्याची भीती असेल तर मय्यत हलवता येते. पण हलवायची म्हणजे उघडायची. मी तिला मातीत ठेवलं तेव्हा तिच्या हातावर मेंदी होती. ती तशीच राहू द्यायची होती मला."

"सुईची भोकं राहतील हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. पिठाची खळ भरून बुजवता आली असती. बुजवायला बसलोही. पण एकेक भोक म्हणजे एकेक घर. टोकाचं ते नाइकाचं. शाई पुसली, पण भोकं बुजवायला हात होईना."

लतीफ साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते समोर बसले.

"फारुकमियां, तुम्ही दर साली जाता तेव्हा कबर साफ असते ना?"

"असते. मला वाटायचं, मोकळा माळ आहे, वारा असतो."

"वारा नाही. नाइकाची म्हातारी आई आहे. रोज पाणी घालते. बकऱ्या येऊ देत नाही. परक्या मुलखात एकटी पडलेली पोरगी म्हणते तुमच्या मदीनाबींना."

फारुकमियांनी दोन्ही तळहात नकाशावर टेकवले, अगदी त्या कोऱ्या जागेवर. खांदे हलू लागले. हरिचंद दारातून डोकावला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी लतीफ साहेब आणि फारुकमियां तांड्यावर गेले. फारुकमियांनी लालसिंगसमोर उभं राहून सगळं स्वतः सांगितलं, काही न लपवता. तांड्यातली माणसं गोळा झाली होती. एकदोघांनी काठ्या उचलल्या. लालसिंगने त्यांना हाताने थांबवलं आणि तो फारुकमियांकडे वळला.

"आमाला इचारलं असतं, मियां."

"विचारलं असतं तर तांडा उठवला असता तुम्ही?"

"न्हाई. न्हाई उठवला असता." लालसिंगने खरं ते सांगितलं. "पण तुमी दारात आले असते, आमी तुमाला बसवलं असतं. इतक्या सालांत तुमी आमच्या दारात आलेच न्हाई."

धेनी पुढे झाली. तिने फारुकमियांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि त्यांना पिता येईना तोवर तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात फारुकमियांनी लतीफ साहेबांच्या देखत तांडा पुन्हा काढला. प्रत्येक घर आपल्या जुन्या भोकावर बसलं. लतीफ साहेबांनी वर सगळं खरं कळवलं. फारुकमियांची नोकरी गेली. रेघ वरची ठरली.

६

बांध पुरा व्हायला दुसरा उन्हाळा उजाडला. श्रावणात तलाव पहिल्यांदा भरू लागला, तेव्हा पाणी खुंट्यांच्या हिशेबाने चढतं की नाही हे पाहायला लतीफ साहेब मोहखेडीला आले. मधल्या काळात त्यांनी हिंगोलीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि नजमुन्निसाला आणलं होतं. औरंगाबादची बदली चालून आली होती. ती त्यांनी नाकारली, कारण आणलेला संसार पुन्हा एवढ्यात हलवायला नको, असं नजमुन्निसा म्हणाली.

बांधावर दोन माणसं बसली होती. एक लालसिंग, पाण्याकडे तोंड करून. दुसरे फारुकमियां, पाण्याकडे पाठ करून. कबर त्यांनी हलवली नव्हती. इतकी वर्षं निजलेलीला मी उठवणार नाही, एवढंच ते मौलवी साहेबांना म्हणाले होते. आता ते आखाडा बाळापूरच्या बाजारात लोकांचे अर्ज लिहून देत आणि बाजार नसेल त्या दिवशी तांड्यावर येत.

लतीफ साहेब थोड्या अंतरावर थांबले. वरून ढग उतरले होते. ओढ्याचं गढूळ पाणी माळावर पसरत, करवंदीच्या जाळ्या गिळत सरकत होतं.

"कुठवर आलं, नाईक?" फारुकमियांनी विचारलं.

"आमराईत शिरलं."

थोडा वेळ गेला.

"आता?"

"चिंचेच्या अलीकडं हाय. त्या मोठ्या धोंड्याजवळ."

फारुकमियां ओठांत दुआ पुटपुटत होते. बोटं गुडघ्यावर एकामागून एक टेकत होती. वाऱ्याने पाण्याला सुरकुती पडली आणि एक लाट चिंचेच्या बुंध्याला लागून फुटली. दगडांच्या त्या सरळ रेषा दिसेनाशा झाल्या. मग शिळाही गेली. माळावर चिंच तेवढी उभी होती, तिचा पाला पाण्याला टेकायला आलेला.

लतीफ साहेबांनी ते पाहिलं. पाणी बरोबर त्यांच्या खुंटीपाशी आलं होतं.

"नाईक," फारुकमियां म्हणाले, "आता कुठवर आलं?"

लालसिंग पाण्याकडे बघत होता. त्याने डोळे पुसले आणि आपला हात फारुकमियांच्या पाठीवर ठेवला.

"अजून न्हाई आलं, मियां," तो म्हणाला. "लई दूर हाय. तुमी बसा."